दोन फुटांचा फरक

मुक्ता आणि ओंकार,

या अंकाच्या संपादकांनी मला पक्ष्यांच्या फोटोग्राफीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा मी एकच अट घातली. म्हटलं, लिहीन, पण कॅलगरीत राहणाऱ्या दोन मुलांना कळेल असं लिहीन. बाकीच्या वाचकांनी हवं तर त्यांच्या खांद्यावरून डोकवावं. ते हो म्हणाले. ओंकारला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा मुक्ताने त्याला वाचून दाखवावं आणि वाचताना उतारे गाळू नयेत. गाळलेले मला फोनवरही कळतात.

मागच्या हिवाळ्यात तुम्ही वर्ध्याला आला होतात तेव्हा ओंकारने जेवताना विचारलं होतं, “आजी, तुझ्यामुळे कधी एखादं पिल्लू मेलं का?” मी त्याला आधी भाजी संपव म्हणून सांगितलं. प्रश्न योग्य होता. उत्तर द्यायची तयारी माझीच नव्हती. आता लिहायला बसलेच आहे, तर ते उत्तर देते.

नोकरी म्हणाल तर मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पण तुमच्या आजीचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी घरट्यांचे फोटो काढणं हेच सांगेन. नोकरीत असताना सुट्ट्यांमध्ये आणि निवृत्तीनंतर जवळजवळ रोज मी तेच केलं. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना पुरावा लागतो: कोणत्या पक्ष्याने कुठे, कशावर घरटं केलं, किती अंडी घातली, त्यातली किती पिल्लं चालती झाली. फोटो हा त्याचा पुरावा. फोटो सुंदर आला तर चांगलंच, पण त्यासाठी थांबायचं नसतं.

नुसत्या पक्ष्याचा फोटो काढणं सोपं. तुम्ही त्याला पसंत पडला नाहीत तर तो उडून जातो आणि प्रकरण तिथे संपतं. घरट्यावरचा पक्षी उडाला तर तो मागे अंडी ठेवून जातो. पक्षी अंडी उबवतो म्हणजे गरम ठेवतो, असं तुम्ही शाळेत शिकला असाल. तुमच्या तिकडे ते खरं. आमच्याकडे मे महिन्यात उघड्यावर घरटं करणारा पाणपक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना थंड ठेवायला. पाण्यात उतरतो, पोटाची पिसं भिजवतो आणि ती ओली पिसं घेऊन अंड्यांवर येऊन उभा राहतो. नर आणि मादी दिवसभर आळीपाळीने हेच करतात. वैशाखातल्या दहाच्या उन्हात उघड्या चिखलावरचं अंडं किती वेळ टिकेल, याचा प्रयोग मी केलेला नाही आणि कुणी करू नये. म्हणून आमचे नियम कडक. काम सकाळी सहा ते आठ. गोणपाटाचं लपण उभं करायचं, ते रोज चार पावलंच पुढे सरकवायचं, आत गुडघे दुमडून बसायचं. घरट्याला हात लावायचा नाही. आणि जागेचं नाव कधी छापायचं नाही, म्हणून इथेही लिहिणार नाही. सेलू तालुक्यातला एक तलाव, एवढं पुरे.

हे नियम मी पुस्तकात वाचले तसे चुकाही करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तलावाकाठच्या बेशरमच्या दाट झुडपात पाणकोंबडीचं घरटं सापडलं. बेशरम म्हणजे जांभळ्या फुलांचं, कुठेही वाढणारं ते झुडूप. तुम्ही स्टेशनाजवळच्या नाल्यात पाहिलं आहे. आत अंधार होता. मी दोन फांद्या सुतळीने मागे बांधल्या, उजेड आला, फोटो काढला, सुतळी सोडली. सगळं नीट जागच्या जागी ठेवून गेले, असं मला वाटलं. पण दुमडलेल्या फांद्या पूर्ववत झाल्या नाहीत. छपराला वीतभर भोक राहिलं. दुसऱ्या दिवशी घरट्यात अंडी नव्हती आणि वरच्या तारेवर दोन कावळे होते. तो फोटो फार छान आला होता. मी कधी कुणाला दाखवला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. नागपूरच्या एका कॅलेंडरवाल्या गृहस्थांना शेकाट्याचे फोटो हवे होते. शेकाट्या म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचा, गुलाबी काड्यांसारख्या लांब पायांचा पाणपक्षी. ते म्हणाले, “मॅडम, आई पिल्लाला भरवून राह्यली, असा फोटो पाहिजे.” मी सांगितलं, शेकाट्याचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांत चालू लागतं आणि आपलं आपण टिपून खातं, आई भरवत नाही.  ते म्हणाले, “पाहा न काही जमते का. बारा महिने, बारा आया, अशी थीम ठरली हाये.” मी त्यांना बुलबुलाचा फोटो दिला.

शेकाट्यांचंच सांगायचं आहे.

चारेक वर्षांपूर्वीचा मे महिना. तलाव आटत आला होता आणि मधोमध चिखलाचं एक लांबट टेकाड उघडं पडलं होतं. त्याच्या एका टोकाला गुडघाभर पाण्यातून जाता येई, बाकी बाजूंनी कमरेइतकं पाणी. त्या टेकाडावर शेकाट्यांनी अकरा घरटी केली होती. एकाच जागी अकरा मी त्याआधी पाहिली नव्हती. घरटं म्हणजे काय, चिखलाची उथळ वाटी, काठाला काड्या आणि खडे, आत टोकं मध्ये करून ठेवलेली चार अंडी. जसजशी सापडली तसतशी मी प्रत्येकाशेजारी बांबूची वीतभर खुंटी ठोकली आणि लाल रंगात आकडा घातला. एक ते अकरा. वही इंग्रजीत ठेवायची माझी सवय. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालं, त्यामुळे मनात मराठी असलं तरी नोंद इंग्रजीतच उतरते. या सवयीचा मला अभिमान होता.

तिथे माझी दोन माणसं होती. एक श्यामराव, तलावाचे चौकीदार. बांधावर त्यांची पत्र्याच्या पडवीची चौकी. गेट उघडायचं, बंद करायचं, पाण्याची पातळी रोज लिहायची, हे त्यांचं काम. माझ्याशी अदबीने बोलत, कारण पाटबंधारे ऑफिसात मी काढलेला शेकाट्याचा मोठा फोटो लावला होता आणि त्यांचे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो दाखवत. दुसरे पुंडलिकभाऊ ढीवर. या तलावात मासेमारी करणारे, वयाने माझ्याएवढेच, मला मॅडम न म्हणता बाई म्हणणारे. मी लपणात तासभर बसून बाहेर आले की ते विचारत, “बाई, अंडे तेच होते न? का बदलले?”

त्या सोमवारी मी परत निघाले होते. श्यामराव चौकीबाहेर उभे होते.

“मॅडम, गुरुवारी पाणी सोडून राह्यले. साहेबाचा फोन आलता.”

“किती?”

“दोन फुटाचा फरक पडन म्हणते. तुमचे पाखरं हायेत न थ्या टेकाडावर. चालते का? नाईतर मी साहेबाले सांगतो, आठ-पंधरा दिवस थांबा म्हणून. तुमचं नाव सांगतलं तर थांबतेत थे.”

मी विचार केला. खरंच केला. दोन फूट पाणी उतरलं तर टेकाडाभोवतीचा चिखल उघडा पडेल आणि गावातली कुत्री चालत घरट्यांपर्यंत येतील. पण पलीकडे उन्हाळी भुईमूग उभा होता. त्याला पाणी लागत असणार. पक्ष्यांसाठी शेतकऱ्यांचं पाणी अडवलं, हे मला नको होतं. कुत्र्यांचा बंदोबस्त करता येईल.

“चालेल,” मी म्हटलं.

वहीत लिहिलं, ‘वॉटर रिलीज, थर्सडे, मायनस टू फीट’. खाली रेघ मारली.

आता मराठीत ‘पाणी सोडलं’ म्हणजे काय ते बघा. नळाला पाणी सोडलं म्हणजे पाणी आलं. तलावाचं पाणी सोडलं म्हणजे पाणी गेलं. श्यामरावांनी ना ‘तलावात’ म्हटलं होतं, ना ‘तलावातून’. त्यांना गरज वाटली नाही. तलाव आटला की उन्हाळ्यात वरच्या धरणातून पिण्यासाठी पाणी येतं, हे चौकीदाराला ठाऊक, ढीवराला ठाऊक, काठावर म्हशी चारणाऱ्याला ठाऊक. मराठीत ते वाक्य दोन्हीकडे वाहू शकत होतं. मी त्याचं इंग्रजी केलं आणि त्याला एकच दिशा दिली. ‘वजा’ हे चिन्ह माझ्याशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं.

बुधवारी मी पुंडलिकभाऊंकडून बाभळीच्या काट्या तोडून घेतल्या आणि टेकाडाच्या उथळ टोकाला कुंपणासारख्या रचल्या.

“बाई, काट्या कायले?”

“पाणी उतरल्यावर कुत्री येतील.”

“उतरल्यावर?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तलावाकडे पाहिलं. आणि पुढची काटी उचलली. त्यांनी नंतर मला सांगितलं, त्यांना वाटलं बाई पुढच्या उन्हाळ्याची तयारी करून राह्यल्या. शिकलेली माणसं करतात तसं.

गुरुवारी पावणेसहाला मी बांधावर पोचले. उतरून गाडीचं दार लावलं आणि काहीतरी वेगळं आहे असं वाटलं; काय ते कळेना. मग दिसलं की टेकाड लहान झालं आहे. काट्यांचं कुंपण पाण्यावर तरंगत होतं. बरेचसे शेकाटे हवेत होते आणि एकसारखे ओरडत होते. खाली जे होते ते काड्या ओढत होते. पाणी चढायला लागलं की शेकाट्या घरट्याखाली काड्या घालून ते उंच करतो, हे मी वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. एकेक काडी आणून तो ती खाली खुपसत होता आणि पाणी त्याच्या मानाने बरंच घाईत होतं.

मी चौकीचं दार वाजवलं. श्यामराव तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले.

“पाणी वाढतंय,” मी म्हटलं.

“हो. पहाटपासून येऊन राह्यलं. सांगतलं होतं न तुमाले.”

एवढ्यावर आम्हा दोघांना एकदमच कळलं. त्यांनी चूळ भरली आणि फोन लावला. साहेब भले माणूस. वरचं गेट बंद करायला त्यांनी लगेच सांगितलं. फोन ठेवून श्यामराव म्हणाले, “गेट लावते म्हणे. पण कालव्यात हाये तेवढं तर येईनच, मॅडम. थे वाटेत हाये.”

“किती?”

“अजून दीड वीत धरा.”

दीड वीत. मी मनात अकरा घरट्यांच्या उंच्या मांडल्या. दीड वीत पाण्यात फक्त वरची दोन वाचणार होती. पुंडलिकभाऊ काठावर जाळं झटकत होते. मी त्यांना हाक मारली आणि आमचा सगळ्यात मोठा नियम मोडायचं ठरवलं. घरट्यांना हात लावायचा. ठरवायला वेळ लागला नाही. हाताळलेल्या घरट्यावर पक्षी परत येईल याची काही खात्री नसते. न हाताळता ते बुडणार याची होती.

युक्ती पुंडलिकभाऊंची. त्यांनी घरासाठी आणलेलं रेतीचं लोखंडी घमेलं घेतलं. म्हणाले, “ह्याच्यात घरटं बुडापासून उचलतो. तुमी खाली लव्हाळ्याचे ढेकळं रचा. मंग होतं तसं ठेवून देऊ.” लव्हाळ्याच्या मुळांनी घट्ट धरलेला चिखल विटेसारखा निघतो. श्यामराव विळ्याने तो काठावर कापू लागले आणि आम्ही दोघं त्यांच्या डोंग्यात, म्हणजे छोट्या नावेत, ढेकळं भरून निघालो. वाटेत माझंच कुंपण. तरंगणाऱ्या काट्या डोंग्याला अडकत होत्या, त्या हातांनी बाजूला करता करता दहा मिनिटं गेली. 

टेकाडावर उतरल्याबरोबर मी एक नंबरकडे गेले. वही काढली नव्हती, पण वही डोक्यात होती. एक नंबर मला सगळ्यात आधी सापडलेलं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त असताना केलेलं, म्हणजे सगळ्यात उंचावरचं. हे मला त्या क्षणी सुचलं नाही. आम्ही एक नंबर उचललं, पाच ढेकळं रचली, परत ठेवलं. मग मी दोन नंबरकडे वळले.

“बाई,” पुंडलिकभाऊ म्हणाले, “पाणी नंबर पाहून नाई येत.”

मी मान वर केली तेव्हा सात नंबरच्या जागी पाणी होतं. चारही अंडी तरंगत होती.

वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की ताजं अंडं पाण्यात बुडतं आणि आतलं पिल्लू वाढलं की ते तरंगायला लागतं. दरवर्षी कुणीतरी पेला आणि कोंबडीचं अंडं आणून ते करून दाखवत असे. ती चार अंडी छान तरंगत होती. चार-पाच दिवसांत पिल्लं निघाली असती. पुंडलिकभाऊंनी ती आपल्या दुपट्ट्यात उचलली, आम्ही ढेकळांची नवी वाटी केली आणि त्यात ठेवली. जोडी डोक्यावरून ओरडत फिरत राहिली. त्या वाटीकडे दोघांपैकी कुणी उतरलं नाही, तेव्हाही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ओंकार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे.

पुढचा दीड तास मी नंबर पाहिला नाही. जे खाली ते आधी. घमेलं खाली सरकवायचं, श्वास धरून उचलायचं, ढेकळं, परत ठेवायचं, अंड्यांची टोकं मध्ये आहेत ना बघायचं, पुढे. माझ्या खुंट्या पुंडलिकभाऊंनी कधी उपटल्या ते मला कळलंही नाही. त्यांनी त्या ढेकळं सरकू नयेत म्हणून खाली ठोकल्या होत्या.

“तुमचे नंबर कामी आले,” ते म्हणाले. त्या सकाळी कुणी केलेला तेवढाच विनोद.

चार नंबरची पाळी शेवटी शेवटी आली. घमेलं उचललं तेव्हा आतून आवाज येत होता. एका अंड्याला तडा गेला होता आणि भोकातून चोचीचं टोक दिसत होतं. पिल्लू अंड्यात असतानाच बोलायला लागतं आणि आई-बाप बाहेरून त्याला उत्तर देतात. इथे उत्तर वरून, आमच्या डोक्यावरून येत होतं. मी घाईने ढेकळं रचू लागले. एक ढेकूळ फुटलं, दुसरं घेतलं. आठ कधीच वाजून गेले होते. उन्हाचा चटका मानेला कळत होता.

सगळं झाल्यावर आम्ही काठावर आलो आणि मी बांधाआड बसून दुर्बीण लावली. एकेक जोडी उतरू लागली. आधी पाण्यात उभं राहायचं, उगाच चोच मारायची, मग एकदम जाऊन बसायचं. दोन, तीन, पाच. चार नंबरची जोडी मात्र जवळ यायची, थांबायची, परत उडायची. मी घड्याळ बघत होते. पुन्हा पुन्हा बघत होते.

“बाई, तुमी इथून उठा,” पुंडलिकभाऊ म्हणाले.

“का?”

“काऊन म्हणजे? तुमी पाहून राह्यल्या म्हणून थे येत नाई. दुर्बिणीचा काच चमकते.”

खरं होतं. इतकी वर्षं मी बघायचंच काम केलं. त्या घरट्यासाठी आता एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती म्हणजे न बघणं. मी दुर्बीण श्यामरावांना दिली. ते चौकीच्या पडवीत, सावलीत, खांबामागे उभे राहिले. मी आत बाकावर तलावाकडे पाठ करून बसले.

पुढचं सांगण्याआधी हिशेब देते, कारण तुम्ही दोघं शेवटचं पान आधी उघडून बघता हे मला माहीत आहे. अकरापैकी सात घरट्यांतली पिल्लं निघाली आणि चालती झाली. दोन जोड्या परत फिरल्या नाहीत. सात नंबरचं सांगितलंच. राहिलं चार. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेले तेव्हा ते घरटं रिकामं होतं. पिल्लं निघाली की शेकाट्या कवचं उचलून दूर टाकतो, म्हणजे घरटं रिकामं दिसतं. कावळ्याने अंडी नेली तरी ते रिकामंच दिसतं. टेकाडाभोवती त्या दिवसांत इतकी पिल्लं पळत होती की कोणतं कुणाचं ते सांगता येईना. माझ्या वहीत चार नंबरच्या पुढे ‘माहीत नाही’ असं लिहिलं आहे, मराठीत.

तर त्या गुरुवारी मी चौकीत बसले होते. श्यामरावांनी स्टोव्हवर चहा ठेवला होता. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“साहेबाले मी सांगतो,” ते म्हणाले. “म्याच बराबर सांगतलं नाई म्हणून.”

“तुम्ही मला विचारलं होतं, श्यामराव. मी चालेल म्हटलं.”

“म्हटलं होतं न.” त्यांनी स्टोव्ह बारीक केला. “मी दुसऱ्यांदा इचारणार होतो. मंग वाटलं, मॅडमले माहीत असन. तुमाले सारं माहीत राह्यते.”

 मी साहेबांना त्याच दिवशी फोन करून जे झालं ते सांगितलं. पण श्यामरावांच्या त्या वाक्यात आरोप नव्हता, आणि म्हणूनच ते मला कुणाला सांगता आलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

“काय दिसतं?” मी विचारलं.

“पाणी.”

“आणि?”

“पाणीच दिसून राह्यलं. लय जवळ दिसते.”

“मधलं चाक फिरवा. हळू.”

ते चाक फिरवत राहिले. माझी नजर भिंतीवरच्या पातळीच्या तक्त्यावर होती. त्यावर त्या सकाळचा आकडा त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेला होता, चिन्हाशिवाय. बाहेर शेकाट्यांचा आवाज कमी होत होता. तो बसल्यामुळे कमी होतो की सोडून गेल्यामुळे, हे पाठमोरं बसून कळत नाही.

“आता दिसले,” ते म्हणाले. “उभे हायेत.”

“कुठले?”

“सारेच.”

 ते आले, चहा कपांत गाळला, माझ्यासमोर ठेवला आणि परत खांबाकडे गेले. बराच वेळ दुर्बीण धरून उभे होते. मग म्हणाले, “बसला, मॅडम.”

“कोण?”

“चार नंबरवाला. बसला पाहा आत्ता.”

मी हातातला कप तसाच धरून ठेवला. टेकाडावर आता एकसारखे दहा-अकरा ढिगारे होते. खुंट्या चिखलात गेल्या होत्या. चौकी माझ्या बांधाआडच्या जागेपेक्षाही लांब, इतकी, की कोणतं घरटं कुठलं ते मलाही खात्रीने सांगता आलं नसतं.

“श्यामराव,” मी म्हटलं, “चार नंबर कोणतं, ते तुम्हाला कसं कळलं?”

मागून दुर्बिणीचं चाक फिरल्याचा बारीक आवाज आला.

“चहा घ्या,” ते म्हणाले. “थंडा होऊन राह्यला.”

मी मागे वळले नाही.